अंगरख्याचें कापड आणि त्याची साक्ष

इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या विजयाच्या खुणा म्हणून तेथील घंटा देशावरील देवालयांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरांतील घंटेवर १७२१ हें साल कोरलेलें आहे. धातूनें आपली साक्ष दिली. परंतु त्या काळचे सरदार, मुत्सद्दी व कारकून जे अंगरखे लेऊन वावरले, त्यांचें कापड कोणतें, याची विचारपूस करणारा विरळा. कागदाप्रमाणेंच कापड हेंहि इतिहासाचें साधन होय, व तें कागदाहून लवकर नष्ट होतें. म्हणून त्यासंबंधीं चार गोष्टी येथें मांडितों.

प्रथम एका समजाचा विचार करूं. शिवलेलें वस्त्र आपल्याकडे मुसलमानी अमदानींतच आलें, असें पुष्कळदां म्हटलें जातें. अमरकोशांत शिंप्यास तुन्नवाय व सौचिक असे दोन शब्द आहेत. धंदा नसतां त्याचीं नांवें कोशांत येतीं ना. सातव्या शतकांतील बाणानें हर्षचरितांत कंचुक, वारबाण, चीनचोलक व कूर्पासक असे अंगांत घालावयाचे प्रकार सांगितले आहेत. यांपैकीं चीनचोलक हें नांवच परदेशाकडे बोट दाखवितें. यावरून अंगरख्याचा आज परिचित असलेला घाट बाणाच्या काळीं होता असें सिद्ध होत नाहीं. शिवणकाम जुनें, एवढेंच सिद्ध होतें. उलट मलमल, महमुदी, किनखाब हीं कापडांचीं नांवें मागाहून रूढ झालीं. तेव्हां घाटाचा इतिहास एक व कापडाचा इतिहास दुसरा. या दोहोंची गल्लत करूं नये.

वसईच्या परिसरास कापडाचा व्यापार नवा नव्हता. ज्या शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा, स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरून पाहिला, तें बंदर पेरिप्लसकारासहि ठाऊक होतें. खाडीपलीकडील ठाण्याहून चामडें व सुती कापड बाहेर जात असल्याचें मार्को पोलोनें तेराव्या शतकाच्या अखेरीस नमूद केलें आहे.

आतां मुख्य मुद्दा. अंगरख्याचा घाट शिंप्याच्या मर्जीवर जितका, तितकाच कापडाच्या पन्ह्यावर अवलंबून असे. एकटा विणकर धोटा एका हातानें टाकून दुसऱ्या हातानें झेली, तेव्हां कापडाची रुंदी त्याच्या हातांच्या आवाक्याबाहेर सहसा जात नसे. ढाक्याच्या मलमलीचें ठाण साधारणतः वीस यार्ड लांब व एक यार्ड रुंद असे. एवढ्या पन्ह्यांतून मोठा घेर सबंध निघणें शक्य नाहीं. म्हणून कळ्या आल्या. लांबट तुकडा तिरपा कापिला कीं त्याच्या दोन कळ्या होतात, आणि चिंधीहि वांया जात नाहीं. बगलेंतील चौकोनी तुकडा हात वर करितांना शिवण उसवूं नये म्हणून. बंद हे गुंड्यांवांचून काम भागावें म्हणून. यांत हौस आहे, पण काटकसर तिच्याहून अधिक आहे. इंग्लंडांत जॉन के यानें १७३३ सालीं झटक्याचा धोटा काढल्यावर एकट्या विणकरास रुंद कापड विणणें सुलभ झालें, व पुढें गिरण्यांनीं तेंच सर्वत्र केलें. मुंबईंत कावसजी दावर यांनीं पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापिली. रुंद कापड स्वस्त झाल्यावर कळ्यांची गरज उरली नाहीं; त्या राहिल्या त्या रूढीनें.

यावरून कालनिर्णयाचें एक साधन हातीं येतें. घरोघरीं 'पेशवाई अंगरखा' म्हणून जें दाखविलें जातें, त्याची परीक्षा घाटावरून न करितां कापडावरून करावी. दोन्ही काठ शाबूत असलेला तुकडा सांपडल्यास पन्हा मोजावा. शिवण यंत्राची असेल तर तें वस्त्र, निदान ती शिवण, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वींची असूं शकत नाहीं. सिंगरचें पेटंट १८५१ चें आहे. पर्किननें १८५६ सालीं पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला. तसला रंग आढळल्यास वस्त्र त्यानंतरचें. शिवणीच्या आंतला सुटलेला धागा जाळून पाहिल्यास सुताला कागदाचा व रेशमाला केसाचा वास येतो, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गुठळी होते. ही परीक्षा सुटलेल्या धाग्यावरच करावी. वस्त्रास ज्योत दाखवूं नये.

चित्रें या कामीं कितपत उपयोगी? जेम्स वेल्स यानें १७९२ च्या सुमारास पुण्यांत काढलेलें सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपाशीं आहे. त्यांतील पांढरें तलम वस्त्र पाहून घाट समजतो. पण धागा, पन्हा व शिवण चित्रकार सांगूं शकत नाहीं. तें सांगणारें वस्त्रच पाहिजे.

वसईच्या किल्ल्यांत चिमाजी आप्पांचें स्मारक आहे. अशा ठिकाणच्या समारंभांसाठीं अंगरखे शिवावयाचे झाल्यास चकचकीत कृत्रिम कापड घेऊं नये. तें अंगावर फुगून राहतें, घेर खालीं पडत नाहीं, व कोंकणच्या दमट हवेंत घाम जिरत नाहीं. नित्याच्या अंगरख्यास हातसुताची बारीक खादी, दरबारीस चंदेरी किंवा महेश्वरी, आणि जाड भरजरीचा भास हवा असल्यास छत्रपति संभाजीनगरचा हिमरू, हीं कापडें आजहि विणलीं जातात. सुती कापड बेतण्यापूर्वीं पाण्यांत भिजवून वाळवावें, नाहींतर पहिल्या धुण्यांत अंगरखा आंखूड होतो. अर्ज आखूड असल्यास हळहळूं नये. कळ्या त्यासाठींच आहेत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधलेले असत, व रुमालांनींच ते आजवर मोजले गेले. अनेक घरांत जुनें पागोटें किंवा धोतर फाडून पोथ्यांस बांधण्याची चाल होती. पोथी हातीं आली कीं तिचें मळकें वेष्टण टाकून देण्याचा प्रघात मात्र वाईट आहे. कागदावर तिथि नसेल, तर कदाचित् त्या फडक्यावर तिचा माग लागेल. गिरणीचा छाप, रंग, काठ, पन्हा व शिवण एवढें टिपून, वेष्टण धुतल्याशिवाय निराळें जपून ठेवावें, आणि तें कोणत्या पोथीचें होतें हें त्याजवर चिठी लावून लिहावें. वसईसारख्या समुद्रकांठच्या गांवीं बुरशी व वाळवी दरवर्षीं आपला वांटा घेतेच. जें त्यांनीं राखलें, तें आपल्या हातानें कचऱ्यांत जाऊं नये.