मुक्काम कोणाच्या मर्जीचा?

जपानमधील आजच्या उतरण्याच्या सोयी पाहिल्या, म्हणजे पारंपरिक र्योकानपासून १९७९ साली ओसाकात निघालेल्या कॅप्सूल हॉटेलपर्यंत, तर वाटते की प्रवाशाने खिसा चाचपावा आणि आवडीची जागा निवडावी. तोकुगावा काळातील तोकाइदो मार्गाचा इतिहास मात्र मला वेगळेच सांगतो.

एदो ते क्योतो या वाटेवर १६०१ पासून अधिकृत टप्पे नेमले गेले. पुढे ते ५३ झाले. १६३५ मध्ये दाइम्यो सरदारांवर आलटून-पालटून एदोत राहण्याची सक्ती आली आणि त्यांचे लवाजमे रस्त्याने ये-जा करू लागले. त्यांच्यासाठी ‘होंजिन’ असे. मानाचा दरवाजा आणि उंच बैठकीची खोली ही त्याची खूण. गाठीला पैसा असला, तरी सामान्य प्रवाशाला तिथे थारा नव्हता.

त्याला निवड होती ती दोहोंत. ‘हातागो’मध्ये जेवणासह मुक्काम मिळे. ‘किचिनयादो’ म्हणजे शब्दशः सरपणाच्या भाड्याचे घर: शिधा आपला, पैसे जळणाचे. १८४३ च्या पाहणीत एकट्या मिया या टप्प्यावर २४८ हातागो होते. होंजिन फक्त दोन.

एवढ्या गर्दीत गिऱ्हाईक ओढायचे कसे? अनेक हातागोंनी ‘मेशिमोरी-ओन्ना’ ठेवल्या. नावाला भात वाढणाऱ्या, प्रत्यक्षात देहविक्रयास लावलेल्या या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी घरच्या कर्जापायी तिथे आलेल्या असत. १७१८ मध्ये सरकारने हातागोमागे दोघींची मर्यादा घातली. म्हणजे प्रथा मोडली नाही, मोजली. शिवाय एकट्या प्रवाशाला संशयापोटी दारातूनच परत पाठवले जाई.

यातून १८०४ साली ओसाकाच्या व्यापारी वर्तुळात नानिवा मंडळी उभी राहिली. जुगार आणि वेश्याव्यवसाय टाळणारी घरे तिने निवडली, त्यांच्यावर पाट्या लावल्या, प्रवाशांना ओळखीचे बिल्ले दिले आणि घरांच्या याद्या छापल्या. पाटी घराची हमी देई, बिल्ला पाहुण्याची.

माझ्या मते मुक्कामाची खरी निवड इथे सुरू झाली. घरे तर आधीपासून होती; नव्याने आला तो विश्वास, आणि तो सरकारी हुकमातून आला नाही, फिरत्या व्यापाऱ्यांच्या गरजेतून आला. पण निवडीचा हा अधिकार पाहुण्याचा होता. भात वाढणारीच्या हाती कोणताच बिल्ला नव्हता, हे त्या याद्या चाळताना विसरता येत नाही.