डांगी गोऱ्हा : डोंगरावरच्या चाऱ्यापासून जुवापर्यंत

त्र्यंबकेश्वर : ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर किल्ल्याच्या पायथ्याची गावं आणि तिकडे हरसूल-ठाणापाड्यापर्यंतचा पट्टा म्हणजे धो-धो पावसाचा मुलूख. जून ते सप्टेंबर धुकं हटत नाही, गोठ्याबाहेर पाऊल टाकलं की चिखल. अशा पावसात दिवसभर डोंगरावर उभं राहून चरणारं जनावर म्हणजे डांगी. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा, शेजारचा अकोले, खाली मोखाडा, जव्हार, शहापूर आणि गुजरातचा डांग जिल्हा हे त्याचं घर. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, कानडी आणि मराठा कुटुंबांनी हा वाण पिढ्यानपिढ्या सांभाळला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झालेल्या देशी गोवंशांत डांगीचं नाव आहे.

डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, ओघळून जातं. खूर काळे आणि टणक, दगडधोंड्यात आणि भाताच्या गाळात लवकर झिजत किंवा सडत नाहीत. शिंगं आखूड, जाड, बाजूला वळलेली. खिल्लारसारखी लांब शिंगं नसल्यामुळे कारवीच्या जाळीत अडकत नाहीत. रंग पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके. कोणत्या रंगाचं किती, यावरून पारा, मणेरी, बाहळा अशी नावं पडली आहेत, आणि एकच नाव दोन गावांत दोन रंगांना लावलेलं ऐकू येतं. अकोले तालुक्यातल्या राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात यावरून चांगलीच चर्चा रंगते.

गाय दुधाला बेताचीच. घरचा चहा आणि वासरू भागलं म्हणजे झालं. डांगी पाळली जाते ती बैलासाठी. चिखलणीला गुडघाभर गाळात न थकता चालणारा बैल हे या गाईचं खरं उत्पन्न. म्हणून गाय व्याली की पहिला प्रश्न असतो, गोऱ्हा की कालवड?

गोऱ्ह्याचं मोल कशावर

अर्जेंटिना, अमेरिका, ब्राझीलमध्ये मोठाल्या कुरणांवर शिंगांची गुरं मांसासाठी पाळतात. तिथे वासरू सहा-आठ महिने आईबरोबर कुरणावर राहतं, सगळं दूध तेच पितं आणि मग तोडून वजनावर विकलं जातं. गंमत म्हणजे त्या कळपांतलं बरंच रक्त आपल्याकडचं आहे. ब्राझीलची नेलोर जात आंध्रच्या ओंगोलपासून तयार झाली, तर अमेरिकेच्या ब्राह्मन जातीत गीर, कांकरेज, ओंगोल आहेत.

आपल्याकडे तो मार्ग नाही. राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, मार्च २०१५ पासून वळू आणि बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे गोऱ्ह्याचं मोल एकाच गोष्टीवर ठरतं, तो कामाला लागतो की नाही. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर खालच्या सपाट गावांत बैलाचं गिऱ्हाईक घटलं. डोंगरउतारावरच्या लहान भातखाचरांत मात्र यंत्र जात नाही, तिथे जोडी लागतेच. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, त्यात डांगीचाही उल्लेख आहे. पण त्याच वेळी मंजूर झालेलं रोजचं ५० रुपयांचं अनुदान गोशाळेतल्या गाईसाठी आहे, घरच्या गोठ्यासाठी नाही. गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिलं तरच गाय दावणीला राहील, हे साधं गणित आहे. आणि गिऱ्हाईक बघतं हाड आणि वाढ, जी पहिल्या वर्षातच ठरते.

पहिले सहा महिने

जन्मल्यावर नाळ टिंक्चर आयोडीनने पुसावी. चीक तासा-दोन तासांच्या आत पाजावा. वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवायची पद्धत अजून काही पाड्यांवर आहे, ती बंद व्हायला हवी. चिकातली रोगप्रतिकारक शक्ती वासराच्या आतड्यातून रक्तात जायला पहिले काही तासच मिळतात, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजून उपयोग नाही.

नंतर दुधाची वाटणी. अनेक घरांत दोन सड वासराला सोडतात, हे चांगलं. गाय आधीच दुधाला कमी, त्यात चारही सड पिळले तर वासराचं पोट सुटतं आणि केस राठ होतात. पोट मोठं दिसतं म्हणून वासरू धष्टपुष्ट समजू नये, बहुतेक वेळा ते जंताचं पोट असतं. जंताचं पहिलं औषध दहा-पंधरा दिवसांत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

मात्रा वजनावर ठरते आणि वाडीत वजनकाटा नसतो. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ४० इंच आणि लांबी ३६ इंच भरली तर वजन साधारण ८७ किलो. दर महिन्याला एकाच तारखेला मोजून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवलं तर वाढ कुठे थांबली ते लगेच कळतं. नुसत्या नजरेला ते कळत नाही, कारण रोज बघणाऱ्याला वासरू रोज तेवढंच दिसतं.

वासरू दोन आठवड्यांचं झालं की गवताला तोंड लावतं. दोन-तीन महिन्यांत नीट रवंथ करू लागलं की त्याला आईबरोबर जवळच्या रानात सोडायला हरकत नाही. लांब डोंगरावर मात्र नको. वासरू मागे राहतं आणि बिबट्या मागे राहिलेलंच उचलतो. वसुबारसेच्या दिवशी इकडचे गुराखी वाघबारस करतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. बिबट्याने जनावर मारलं तर वन विभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, मेलेलं जनावर जागचं हलवू नये. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

वाढीचा खरा हंगाम श्रावण ते दिवाळी. गवत कोवळं असतं, वासरं डोळ्यांदेखत अंग धरतात. मार्चनंतर डोंगर पिवळा पडतो आणि कमावलेलं वजन उतरतं. गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळवलं तर त्यात सत्त्व राहतं. बी झडल्यावर कापलेलं गवत आणि भाताचा पेंढा पोट भरतात, अंग भरत नाहीत.

पावसाळ्यातले धोके

वासरू चार महिन्यांचं झालं की लाळ्या-खुरकताची लस, सहा महिन्यांनंतर पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची. लम्पीची लस वेगळी. २०२२ च्या साथीत लहान वासरं जास्त दगावली, त्यामुळे ती टाळू नये. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच देतात.

भातखाचरातल्या गोगलगायींमुळे चपटे कृमी होतात. जनावर खंगतं आणि जबड्याखाली पाण्यासारखी मऊ सूज येते. घटसर्पातही गळा सुजतो, पण तिथे ताप भडकतो, घरघर लागते आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. पहिल्यात आठवडा हाताशी असतो, दुसऱ्यात तासही नसतात. सूज आणि ताप दोन्ही असतील तर थेट १९६२ ला फोन लावावा.

दात, वेसण, जू

दुधाचे दात असेपर्यंत गोऱ्हा आदत. दोन-अडीच वर्षांनी दोन दाती, मग चार दाती, सहा दाती आणि साधारण पाचव्या वर्षी जुळलेला. दोन दाती होताना वेसण घालतात, खच्चीकरण दवाखान्यात चिमट्याने करून घ्यावं. कोवळ्या खांद्यावर जड औत नको, आधी मोकळं जू, मग हलकं लाकूड ओढवून, मग जाणत्या बैलाच्या जोडीला. डांगी उशिरा वयात येतो. कालवडही चार वर्षं उलटल्यावर व्यायला येते. घाई केली तर खांदा सुजतो आणि बाजारात किंमत पडते.

कालवड माजावर आली की दवाखान्यात डांगीच्याच रेतमात्रा मागाव्यात. मोकाट फिरणारा कोणताही वळू लागला तर पुढच्या पिढीत ती तेलकट कातडी आणि काळा खूर राहील याची खात्री नाही.

घोटीचा बाजार असो की मुरबाडजवळची पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा, विकायला नेताना कानात १२ अंकी बिल्ला हवाच. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला राज्यात मनाई आहे. बिल्ला गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून मिळतो आणि जनावराची नोंद मालकाच्या नावावर ऑनलाइन होते. व्यवहार झाला की नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावी, पावती जपून ठेवावी. रस्त्यात गाडी अडवली तर शेतीसाठी नेतोय हे दाखवायला तोच कागद कामी येतो.