नक्कल आणि रुजुवात

अस्सल कागदाशी ताडून पाहिल्यावाचून त्याची नक्कल विश्वासास पात्र होत नाही, ही शहाणीव आपल्या दफ्तरी भाषेने ‘रुजुवात’ या एका शब्दात साठवून ठेवली आहे. आणि घरोघरी कपाटात पडलेल्या लग्नाच्या सीडींची संगणकावर नक्कल उतरवू पाहणाऱ्यास या जुन्या शब्दाची थोरवी नव्याने पटते.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८२ साली बाजारात आणलेल्या ध्वनितबकडीच्याच आकारात, म्हणजे अवघ्या बारा सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात, सुमारे ७४ मिनिटांचे चलच्चित्र सामावणारी व्हिडिओ सीडी १९९३ साली सिद्ध झाली. आणि पुढे काही वर्षांतच आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगची कॅसेट मागे पडून छायाचित्रकार वरपक्ष व वधूपक्ष या उभयतांस दोन-दोन, तीन-तीन सीडी देऊ लागला. एवढे चित्र त्या तबकडीत मावावे म्हणून जी तडजोड करण्यात आली, तिच्यातच आजच्या अडचणीचे मूळ आहे. संगणकाची माहिती सीडीवर नोंदताना २३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहितीस देऊन २७६ बाइट केवळ चुकांच्या दुरुस्तीसाठी राखलेले असतात. व्हिडिओ सीडीत हा राखीव भागही चित्रालाच बहाल करण्यात आला. रीड व सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीवर उभारलेले मूळचे संरक्षण तेवढे शिल्लक राहिले. त्यामुळे ओरखडा आला असता प्लेअर क्षणभर चौकोन दाखवून पुढे सरकतो. परंतु फाइलची नक्कल करणारा संगणक, एक खंड वाचता आला नाही की, सारे कामच तहकूब करतो.

आमच्या घरी थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या, २००१ सालच्या, दोन सीडी आहेत. सीडीवरील नोंद मध्यापासून कडेकडे सर्पिल गतीने जात असल्यामुळे सीमांतपूजन, मंगलाष्टके, सप्तपदी असे विधी आतल्या बाजूस सुरक्षित राहिले, आणि पाठवणी मात्र दुसऱ्या सीडीच्या नेमक्या त्या काठावर आली, जिथे वीस वर्षे सर्वांची बोटे लागली. शिवाय नाव घालण्यासाठी कोणीतरी वरच्या बाजूवर बॉलपेन दाबून चालविले होते; चकाकणारा थर त्याच बाजूस, पातळ लाखेच्या आवरणाखाली असतो, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून, ड्राइव्हचा वेग शक्य तितका उतरवून, फाइल ओढून घेण्याऐवजी २३५२ बाइटांचा अखंड खंड जसाच्या तसा वाचणाऱ्या प्रणालीने आम्ही काम आरंभिले. जो भाग हटून बसला तो सोडून पुढचा आधी घेतला, आणि मग दुसऱ्या ड्राइव्हवर त्याच जागी पुन्हा प्रयत्न केला. तरीही जे खंड हाती लागले नाहीत, त्यांच्यासाठी बहिणीच्या सासरहून तिकडची सीडी मागविली. दोन्ही सीडी एकाच मूळ नोंदीवरून उतरविलेल्या असल्या तरी दोहोंची झीज एकाच ठिकाणी झालेली नव्हती, म्हणून माहेरच्या प्रतीतील उणीव सासरच्या प्रतीने भरून निघाली.

नक्कल पुरी झाल्यावर, फाइल उघडते एवढ्यावर समाधान न मानता, आम्ही ती आईसह आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली. आजी नातीची ओटी भरते तो प्रसंग इतकी वर्षे चौकोनांत विरून जात असे, आणि त्या ओटीतला खण हिरवा होता असे आई नेहमी सांगे. तो क्षण आला तेव्हा पडद्यावर आजीचे थरथरणारे हात अखंड दिसले, हातांतला हिरवा खण दिसला, आणि आईने काही न बोलता मान हलविली. नकलेची रुजुवात झाली.