जवानाच्या मुठीतला सेट

‘वॉकीटॉकी’ हा शब्द आज आपण ज्या वस्तूला लावतो, तिचा तो मुळात नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीने, म्हणजे पुढच्या मोटोरोलाने, अमेरिकी सैन्यासाठी दोन रेडिओ बनवले. एक पाठीवर बांधायचा, वजन १५ किलोंच्या आसपास, नाव एससीआर-३००. चालता चालता बोलता येतं म्हणून वॉकीटॉकी म्हणत ते याला. दुसरा हातात धरायचा, सव्वादोन किलोंचा एससीआर-५३६. त्याचं नाव ‘हँडीटॉकी’. युद्ध संपलं, पाठीवरचं ओझं मागे पडलं आणि त्याचं नाव मात्र हातातल्या सेटला चिकटलं. त्याआधी १९३७ मध्ये कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी एका खाणकंपनीच्या वैमानिकांसाठी असाच सेट तयार केला होता, आणि अमेरिकेत आल्फ्रेड ग्रॉस यांचं कामही १९३८ च्या सुमारास झालं होतं. पहिला मान कोणाचा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हँडीटॉकीतली एक साधी सोय मला जास्त मोलाची वाटते: एरियल बाहेर ओढली की सेट सुरू, आत ढकलली की बंद. चिखलात आडव्या पडलेल्या, अंधारात चाचपडणाऱ्या माणसाचा विचार करून कोणीतरी ती केली होती.

एससीआर-३०० इटलीच्या आघाडीवर पोहोचला त्याच सुमारास, १४ एप्रिल १९४४ ला, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मेले. १४ एप्रिल हा देशाचा अग्निशमन सेवा दिन आहे, तो त्यांच्यासाठी. त्या काळी कमरेला सेट लावून आगीत शिरणं जवानाच्या नशिबी नव्हतं. आत गेलेल्याशी बोलायचं तर हाक मारायची, दोर ओढायचा किंवा एखाद्याला पळत पाठवायचं.

युद्धानंतरही रेडिओ आधी आला तो बंबावर. जवानाच्या हातात तो यायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. १९६२ मध्ये मोटोरोलाने एचटी-२०० हा सेट काढला: वजन एक किलोच्या आत, आकाराने आणि चिवटपणाने विटेसारखा. लोकांनी त्याचं नावच ‘ब्रिक’ ठेवलं. आगीत शिरणाऱ्या माणसाने बरोबर न्यावा असा सेट या सुमारास घडू लागला.

तेव्हा ‘प्रोग्रामिंग’ म्हणजे क्रिस्टल बसवणं. अंगठ्याच्या नखाएवढी चपटी पत्र्याची डबी, तिला खाली दोन पाय, आत क्वार्ट्‌झची पातळ चकती. चकती जितकी पातळ तितकी फ्रिक्वेन्सी वर. एका चॅनेलला दोन डब्या लागत, बोलण्याची एक आणि ऐकण्याची एक. नवं चॅनेल हवं तर क्रिस्टल घासून मागवायचे, ते येईपर्यंत थांबायचं आणि सेट उघडून खोचायचे. त्यामुळे चॅनेल मोजकीच असत. हा तुटवडा एका परीने जवानाच्या भल्याचाच होता. दोनच चॅनेल असल्यावर चुकणार तरी कुठे?

पुढे फ्रिक्वेन्सी सेटच्या आतच तयार होऊ लागली आणि ती कुठली हे सांगणारी माहिती स्मृतीत बसली. या माहितीच्या फायलीला तंत्रज्ञ आजही ‘कोडप्लग’ म्हणतात. जुन्या काही सेटमध्ये तो खरोखरच खोचायचा सुटा भाग असे. भाग गेला, नाव उरलं. आता संगणकाला केबल लावून काही मिनिटांत शेकडो चॅनेल भरता येतात, आणि माझ्या मते धोका सुरू होतो तो इथेच. टोनचंच पाहा. प्रत्येक बोलण्यामागे कानाला न जाणवणारा एक सूर पाठवता येतो. तो सूर आला तरच समोरचा सेट आवाज सोडतो, म्हणून परक्यांची बडबड कानावर येत नाही. पण दहा सेटपैकी एकात पाठवायचा टोन चुकीचा भरला गेला, तर त्या जवानाला बाकी सगळ्यांचं ऐकू येतं आणि त्याचं मात्र कोणालाच ऐकू जात नाही. आपलं बोलणं पोहोचतंय असं समजून तो पायऱ्या चढत राहतो.

१ जुलै १९८८ ला न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी मोटारींच्या एका शोरूमचं छत आगीत कोसळलं. पाच अग्निशामक गेले. त्यांतले दोघे अवजारांच्या खोलीत अडकले होते आणि सेटवरून मदत मागत होते. सगळा कारभार एकाच चॅनेलवर चाललेला. त्यांची हाक वेळेत पोहोचली नाही. आगीच्या जागेचं चॅनेल कंट्रोलरूमच्या चॅनेलपासून वेगळं हवं, हा नियम अशा मरणांतून आलेला आहे.

न्यूयॉर्कची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उंचीपुढे अग्निशामकांचे सेट अपुरे पडले, म्हणून तिथे रिपीटर बसवला गेला. रिपीटर म्हणजे क्षीण संदेश झेलून तो जोरात पुन्हा सोडणारं यंत्र. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात सकाळी ८.५४ ला तो सुरूही झाला, पण लॉबीतल्या हँडसेटचं दुसरं बटण दाबलं गेलं नव्हतं. चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना आवाज आला नाही, तेव्हा रिपीटर बंद आहे असं समजून उत्तर टॉवरमधल्यांनी दुसरं चॅनेल धरलं. दक्षिण टॉवरमध्ये तोच रिपीटर चालला. बटालियन चीफ ओरिओ पामर ७८ व्या मजल्यावर पोहोचले आणि इमारत कोसळण्याच्या काही मिनिटं आधीपर्यंत बोलत होते. त्या दिवशी ३४३ अग्निशामक मेले. चौकशी आयोगाने सारा दोष रेडिओवर टाकला नाही, तो एक हातभार लावणारा भाग मानला. हे प्रामाणिक आहे. तरी एका बटणाची ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या दलाने नवे डिजिटल सेट वाटले होते आणि काही दिवसांतच परत घेतले होते. तळघरात अडकलेल्या एका जवानाची मदतीची हाक जागेवरच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नव्हती. म्हणून सप्टेंबरमध्ये जवानांच्या हाती जुनेच सेट होते. नवे नंतर पुन्हा वाटले गेले, अ‍ॅनालॉग पद्धतीवर प्रोग्राम करून. यंत्र तेच, फक्त आत भरलेली माहिती बदलली.

डिजिटल सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाच्या बोलण्याच्या ठरीव साच्यात तो बसवतो आणि त्याचे आकडे पाठवतो. शेजारी करवत चालू असेल, हवेचा सिलिंडर संपत आल्याचा इशारा वाजत असेल, तर साचा गोंधळतो आणि शब्दांचा चिखल होतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने याच दोषावर अहवाल काढला. अ‍ॅनालॉगमध्ये करवत करवतीसारखी ऐकू येते आणि कान तिच्यातून शब्द वेचून काढतो. शहरभराच्या कारभाराला डिजिटल उत्तम आहे. धुरात गुडघ्यांवर सरकणाऱ्यासाठी मात्र सेटवरून थेट सेटवर जाणारं, रेडिओ टॉवरवर न विसंबणारं साधं चॅनेल हवं, असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडच्या पालिकांच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना एक विनंती. सेट ताब्यात घेण्याआधी दोन जवानांना पूर्ण पोशाखात, जाड हातमोजे घालून, गावातल्या सर्वांत मोठ्या इमारतीत पाठवा. एक तळघरात, एक गच्चीवर, दोघांचेही डोळे बांधलेले. चॅनेलचा नॉब नुसत्या हाताला कळतो का, मदत मागण्याचं बटण सापडतं का, रिपीटर बंद केल्यावर एकमेकांचं ऐकू येतं का, हे प्रत्येक सेटवर पाहा. दहातल्या नऊवर पाहून थांबू नका, दहाच्या दहा तपासा. ही तपासणी झाल्यावरच पावतीवर सही करा.