कारखाना आणि वर्ग : सिन्सिनाटी येथील एक प्रयोग

अमेरिकेतील ओहायो राज्यातील सिन्सिनाटी हे शहर विसाव्या शतकाच्या आरंभी यांत्रिक हत्यारांच्या निर्मितीचे मोठे केंद्र होते. तेथील विद्यापीठात इ. स. १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीचे २७ विद्यार्थी घेऊन जी पद्धती सुरू केली, ती पुढे ‘सहकारी शिक्षण’ या नावाने प्रसिद्धीस आली. विद्यार्थ्यांस कारखान्याचा अनुभव देणारी योजना, एवढेच तिचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते अपुरे आहे. उमेदवारीची प्रथा युरोपात शतकानुशतके होतीच. नुसत्या अनुभवासाठी विद्यापीठाची आवश्यकता नव्हती.

विद्यार्थ्यांच्या जोड्या लावलेल्या असत. एक जण आठवडाभर वर्गात, तर त्याचा जोडीदार कारखान्यात. पुढील आठवड्यात अदलाबदल. आठवडा सरताना वर्गातील विद्यार्थी कारखान्यात जाऊन जोडीदाराचे काम कोठवर आले हे समजून घेई, म्हणजे सोमवारी लेथ रिकामा राहत नसे. कारखानदारास हीच गोष्ट महत्त्वाची वाटे. विद्यार्थ्यास वेतन मिळे. पदवीस मात्र प्रारंभी सहा वर्षे लागत. विद्यापीठाचा लाभही उघड होता. शहराच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेस न परवडणारी यंत्रसामग्री तिला आयतीच उपलब्ध झाली. तरीही नियामक मंडळाने संमती दिली ती एका वर्षापुरतीच, आणि अपयशाची जबाबदारी आपली नाही असेही बजावले, असे सांगतात.

योजनेचा खरा कणा म्हणजे ‘समन्वयक’. हा अध्यापकवर्गापैकीच असे. विद्यार्थी कोणते काम करीत आहे हे तो कारखान्यात जाऊन पाही, आणि मग वर्गात त्याच कामामागील तत्त्वांची चर्चा घडवून आणी. ओतीव भागास भेग का पडते, पट्टा का घसरतो, हे प्रश्न कारखान्यात उपस्थित होतात; त्यांचा मागोवा घेण्यास तेथे कोणास सवड नसते. समन्वयकाविना ही योजना म्हणजे स्वस्त मजुरीचा पुरवठाच ठरली असती.

हा धोका श्नायडर यांस अपरिचित नव्हता. १९१५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बुद्धीस चालना देणारे काम आणि ती बोथट करणारे काम असा भेद केला. कामाचा क्रम विद्यापीठ व कारखाना यांनी मिळून ठरवावा, हे तत्त्व योग्यच होते. परंतु कामच नसेल तर क्रम कशाचा ठरवावयाचा? १९२९ नंतरच्या महामंदीत विद्यार्थ्यांसाठी कारखान्यांतील जागा रोडावल्या. त्याच काळात, १९३२ पर्यंत, श्नायडर स्वतः विद्यापीठाचे अध्यक्ष होते.