पत्र कोणाच्या हातीं आहे?

संगणकाचें टपाल आज क्षणांत पोंचतें. परंतु चाळीस वर्षांपूर्वीं तें मुक्काम करीत करीत जात असे. १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत माइक लेस्क यांनीं युनिक्स यंत्रांसाठीं यूयूसीपी नांवाची योजना रचली. तिला स्वतंत्र तारा नकोत. एक यंत्र मोडेमच्या साहाय्यानें साध्या टेलिफोनवरून दुसऱ्यास हांक मारी, सांचलेलीं पत्रें त्याच्या स्वाधीन करी आणि फोन ठेवी. मग तें यंत्र पुढच्यास हांक मारी. वाटेंतील यंत्रांचीं नांवें क्रमानें लिहून मध्यें उद्गारचिन्हें घालावीं, हाच पत्ता. मार्ग पाठविणारानेंच ठरवावयाचा, आणि फोनचा खर्च बहुधा वाटेवरच्या परक्यांनीं सोसावयाचा!

म्हणून पत्र पोंचलें नाहीं, तर तें या घटकेस कोणाच्या हातीं आहे, हा पहिला प्रश्न. व्यवस्थापक आधीं आपल्या यंत्रावरील रांग पाही. पत्र तेथेंच असेल तर दोष घरचा. नसेल तर नोंदवही उघडून पुढच्या यंत्रानें तें घेतलें कीं नाहीं, हें पाही. घेतलें असेल, तर जबाबदारी त्याची. टपालखात्यांतील जुन्या सॉर्टरास हें काम लगेच उमजलें असतें.

घरच्या दोषांत विलक्षण दोष कुलपाचा. एका मोडेमवर दोन कामें एकदम चालूं नयेत म्हणून काम सुरू होतांच एक लहानशी फाइल निर्माण होई; तेंच कुलूप. काम संपतांच तें निघावयाचें. पण यंत्र मध्येंच बंद पडलें कीं कुलूप तसेंच राही, आणि मोडेम मोकळा असूनही त्याला कोणी हात लावीना. पुढें कुलपांत तें घालणाऱ्या कामाचा क्रमांक लिहूं लागले. मालक हयात आहे काय, हें पाहून मगच कुलूप काढावें.

फोन लागला तरी परीक्षा संपत नसे. समोरचें यंत्र 'लॉगिन' असें विचारी. पण त्यांतील पहिलें अक्षर कोठें मोठ्या लिपींत येई, कोठें लहान, कधीं खरखरींत हरवूनही जाई. म्हणून जाणते लोक आपल्या यंत्रास केवळ 'ऑगिन' एवढ्याचीच वाट पाहावयास शिकवीत. नंतर पत्राचे चौसष्ट चौसष्ट बाइटांचे गठ्ठे निघत. प्रत्येकाचा ताळा पाहिला जाई, आणि बिघडलेला गठ्ठा पुन्हां धाडला जाई. खरखर जितकी अधिक, तितका फोनचा आकार अधिक.

पत्र लिहिणारास यांतलें कांहींच दिसत नसे. उत्तर आलें नाहीं तर स्नेही रुसला कीं कोठें कुलूप राहिलें, हें त्यानें कसें ओळखावें?

मुंबईंतही १९८६-८७ च्या सुमारास, अर्नेट योजनेच्या आरंभीं, जुहूचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यांत असें टपाल टेलिफोनवरूनच सुरू झालें. शहर एकच, तरी पत्र निघालें कीं नाहीं, हें पाहावयास नोंदवहीच उघडावी लागे.