दिनविशेष : २३ नोव्हेंबर
एका श्वासात शंभर मीटर

२३ नोव्हेंबर १९७६ रोजी, इटलीच्या एल्बा बेटानजीकच्या समुद्रात, झाक मायोल या फ्रेंच पाणबुड्याने वयाच्या ४९ व्या वर्षी, प्राणवायूचे नळकांडे न घेता, केवळ एका श्वासाच्या बळावर आणि खाली ओढून नेणाऱ्या वजनाच्या साहाय्याने १०० मीटरांची खोली गाठली. अशी नोंद मनुष्यजातीच्या दफ्तरात त्यापूर्वी नव्हती.

त्या खोलीवर दाब भूपृष्ठाच्या अकरापट होतो आणि फुप्फुसांतील हवा अकराव्या हिश्शावर येते. तेथे छातीचा पिंजरा चिरडलाच पाहिजे, असा जो निवाडा कित्येक शरीरशास्त्रज्ञांनी देऊन ठेवला होता, तो रद्दबातल ठरला. हृदयाची गती मंदावते, हातापायांकडील रक्त छातीकडे सरकते, आणि देवमाशाच्या देहातील ही सिद्धता मानवी देहातही आहे, हे निर्विवाद झाले.

मायोल योगाभ्यासी होता, याचे आपल्याला अगत्य वाटणे स्वाभाविक; परंतु बिदर-कलबुर्गीच्या वाचकाला या घटनेचे मोल निराळ्याच कारणासाठी अधिक आहे. भालकी, बसवकल्याण, आळंद तालुक्यांतील विहिरींत तळ गाठण्याची पैज लावणारी मुले बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, मात्र कर्बवायू घटतो, आणि श्वासाची निकड कळवणारा तो जासूदच मुका झाल्याने पूर्वसूचनेशिवाय शुद्ध हरपते. मायोलच्या वाटेवर मदतनीस पाणबुडे तैनात असत. आपल्या विहिरीच्या काठावर बहुधा तितकीच लहान मुले असतात.